कॉम्प्युटरला ‘फॉरमॅट मारण्या’आधी

आपल्या बऱ्याच गटांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये विंडोज १० आहे. मायक्रोसॉफ्टने तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. कॉम्प्युटर काही त्या दिवशी बंद पडला नाही. पण वेगळी नोंदणी केल्याशिवाय सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या आता मिळत नाहीत. विंडोज ११ घालावी, तर तिला लागणारी टीपीएम २.० ही सोय जुन्या मशीनमध्ये सहसा नसते. अशा मशीनसाठी आम्ही लिनक्स मिंट सुचवतो. ती फुकट आहे, कायदेशीर आहे आणि ४ जीबी रॅमवर बरी चालते. दुकानातून चोरीची विंडोज टाकून घेण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. ज्यांचा हिशेब टॅलीवर आहे त्यांनी मात्र हा मार्ग धरू नये. टॅली त्यावर सरळ चालत नाही.

इन्स्टॉल व्हायला अर्धा-पाऊण तास पुरतो. खरं काम त्याच्या आधीचं. गटाची हजेरी, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, सगळं त्या डब्यात आहे. उद्या कर्जाच्या प्रस्तावासाठी बँकेने नोंदी मागितल्या, तर ‘फॉरमॅटमध्ये गेल्या’ हे उत्तर चालणार नाही.

‘डी ड्राइव्हमध्ये ठेवलेलं जात नाही,’ असं आपण नेहमी ऐकतो. दुकानदार फक्त सी ड्राइव्ह पुसतो तेव्हा ते खरं असतं. इथे अख्खी डिस्क पुसली तर सी जातो, तसा डीसुद्धा जातो. म्हणून सगळं बाहेर काढायचं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तिन्ही फोल्डर बघा. व्हॉट्सअॅपवरून उतरवलेली बिलं बहुधा डाउनलोड्समध्येच पडलेली असतात. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड वहीत उतरवा. ठराव जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केले असतील, तर ते फॉन्टही कॉपी करा. नाहीतर फाइल उघडते, पण अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. कॉपी झाल्यावर तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार फाइल उघडून पाहा. उघडून पाहिल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नका.

आता दुसरा पेनड्राइव्ह घ्या, ८ जीबीचा. पहिला अजिबात वापरू नका, कारण या दुसऱ्यावरचं सगळं पुसलं जातं. लिनक्स मिंटच्या अधिकृत साइटवरून फाइल उतरवा. ती ३ जीबीच्या आसपास असते, त्यामुळे मोबाइलचा डेटा बघून. मग रूफस नावाच्या मोफत प्रोग्रॅमने ती या पेनड्राइव्हवर चढवा.

बॅकअपचा पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा. साधा कॉम्प्युटर असेल आणि यूपीएस नसेल, तर भारनियमनाची वेळ टाळा. पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर सुरू करा आणि लगेच एफ-१२ दाबत राहा. डेल आणि लेनोव्होला बहुतेक तेच बटण असतं, एचपीला एफ-९. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की थोड्या वेळाने मिंटचा डेस्कटॉप दिसतो. हा भाग आम्हाला फार आवडतो, कारण अजून डिस्कवर काहीच बदललेलं नसतं. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर कागद काढतो का, ते आरामात बघा. प्रिंटर हटून बसला तर बंद करून पेनड्राइव्ह काढा. पुन्हा सुरू केल्यावर जुनी विंडोज जशीच्या तशी उघडेल.

सगळं जमलं, तर डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल’ चित्रावर दोनदा क्लिक करा. भाषा आणि कीबोर्ड विचारून झाला की ‘इरेज डिस्क’ हा पर्याय येतो. इथे हात थांबवा आणि अध्यक्ष-सचिवांना विचारा, आणखी काही राहिलंय का? ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबून पुढच्या खिडकीत ‘कंटिन्यू’ म्हटलं की परत फिरता येत नाही. शेवटी नाव आणि पासवर्ड मागतो. तो पासवर्ड एकीच्याच डोक्यात ठेवू नका, पाकिटात बंद करून इतिवृत्ताच्या वहीबरोबर ठेवा.

नव्या कॉम्प्युटरवर एक्सेलच्या फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. बेरजा जुन्या छापील पानाशी ताडून बघा. आणि पुढची मासिक बैठक नव्या मशीनवर पार पडेपर्यंत कपाटातला पेनड्राइव्ह रिकामा करू नका.