मऊ पेडल आणि हवेचा संशय

“हवा राहिली असेल, परत काढा.” मोठी डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर बसवल्यावर ब्रेकचे पेडल मऊ लागते, खोल जाते, अशी तक्रार केली की हमखास हेच उत्तर मिळते. मग चारही चाके पुन्हा उघडतात, बाटलीभर ब्रेक ऑइल पुन्हा खर्ची पडते आणि पेडल होते तिथेच राहते. तरीही निदान बदलत नाही. मुळात तपासणी झालेलीच नसते, झालेला असतो तो फक्त अंदाज.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात स्पोर्ट्स कार म्हणजे बहुधा हौसेने बदल करून घेतलेली स्विफ्ट, नाहीतर २०२२पर्यंत चाकणला तयार होणारी पोलो. अकोला-हिंगोली-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग १६१ चौपदरी झाला तशी वेगाची हौस वाढली आणि मोठ्या ब्रेकचीही. त्यात वाईट काही नाही. पण त्याच रस्त्यावर वसमतच्या बाजाराकडे हळद घेऊन निघालेला ट्रॅक्टर कधीही दुभाजकाच्या फटीतून वळू शकतो. तिथे पहिल्या दाबालाच ब्रेक लागला पाहिजे.

हवेचा संशय इतका पक्का का बसतो, ते आधी पाहू. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते; म्हणून लाइनमध्ये बुडबुडा असला की पेडल स्पंजसारखे लागते. दोन-तीनदा भराभर पेडल मारले की ते वर येते. इथवर सगळे बरोबर आहे. चूक पुढे होते. पेडल मारल्यावर वर आले म्हणजे हवाच, असा उलटा निष्कर्ष काढला जातो. पॅड आणि डिस्क यांत किंवा ब्रेक शू आणि ड्रम यांत जास्त अंतर पडले असेल, तरीही पेडल मारल्यावर वरच येते. फरक पुढच्या क्षणी कळतो. वर आलेले पेडल पायाखाली अजूनही लवचिक लागत असेल तर हवा. वर येऊन दगडासारखे घट्ट होत असेल तर हवा नाही, कुठेतरी अंतर जास्त आहे. एवढी एक गोष्ट पायाला कळली तरी निम्मी वणवण वाचते.

हे जास्तीचे अंतर अनेकदा मागच्या चाकात सापडते, जिथे कोणी बघत नाही. या गाड्यांना मागे ड्रम असतात. पैसे पुढच्या चाकांवर खर्च झालेले, म्हणून दोषही पुढेच शोधला जातो. मागचे शू झिजलेले असतात, आपोआप अंतर जुळवणारा ॲडजस्टर धुळीने अडकलेला असतो. जुन्या कॅलिपरला ऑइल कमी लागायचे, तेव्हा ते अंतर खपून जात होते. नव्या कॅलिपरने जास्त ऑइल मागितले आणि ते उघडे पडले. याची परीक्षा फुकट आहे. गाडी उभी करून हँडब्रेक पूर्ण ओढायचा आणि पेडल दाबायचे. पेडल लक्षणीय वर आले, तर ड्रम ॲडजस्ट करायचे आहेत. मागे ड्रम असलेल्या कोणत्याही गाडीवर स्पॅनर लावण्याआधी ही परीक्षा झालीच पाहिजे.

दुसरे कारण डिस्कच्या बसण्याचे. मूळ कॅलिपर पिनांवर सरकणारा असतो. डिस्क थोडी वेडीवाकडी फिरली तरी तो तिच्याबरोबर हलतो. चार पिस्टनचा कॅलिपर जागेवर घट्ट असतो. वाकडी फिरणारी डिस्क त्याच्या पिस्टनना आत ढकलते आणि पुढच्या वेळी पेडलला ती पोकळी आधी भरून काढावी लागते. म्हणून खराब रस्त्यावरून किंवा मोठ्या वळणानंतर पहिल्याच दाबाला पेडल खोल जाते, दुसऱ्याला ठीक लागते. डिस्क नवी कोरी असते, पण ती ज्या हबवर बसते त्या हबवरचा गंज कोणी घासलेला नसतो. डायल गेज लावून डिस्क हाताने फिरवली की काटा खरे सांगतो. बहुतेक सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. व्हील बेअरिंग ढिले असेल तरी हेच होते.

आता मापाचा मुद्दा. किट विकणारे तो सहसा सांगत नाहीत. समजा, मूळ कॅलिपरमध्ये ५४ मिलिमीटरचा एक पिस्टन होता. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,२९० चौरस मिलिमीटर. नव्यात प्रत्येक बाजूला ४२ मिलिमीटरचे दोन, म्हणजे सुमारे २,७७० चौरस मिलिमीटर. वाढ २१ टक्के. तेवढेच अंतर मिटवायला तेवढे जास्त ऑइल ढकलावे लागणार, म्हणजे पेडल जास्त खाली जाणार. हायड्रॉलिक जॅकचा दांडा जास्त वेळा मारावा लागतो, त्यातलाच हा प्रकार. अशा पेडलमध्ये बिघाड काहीच नाही. कितीही वेळा ब्लीड केले, म्हणजे हवा काढली, तरी ते वर येणार नाही.

मग पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडरच मोठा बसवावा का? २० मिलिमीटरऐवजी २२चा बसवला की त्याचे क्षेत्रफळही २१ टक्के वाढते, पेडल वर येते, घट्ट लागते. मात्र पायाच्या त्याच जोराला लाइनमधला दाब सुमारे १७ टक्क्यांनी घटतो. मोठ्या कॅलिपरमुळे मिळालेला फायदा इथे बऱ्यापैकी फिटतो. घट्ट पेडल म्हणजे जोरदार ब्रेक हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. किट घेण्याआधी जुन्या आणि नव्या पिस्टनची मापे मागावीत. मास्टर सिलिंडरचे माप बरेचदा त्याच्या अंगावरच कोरलेले असते.

हवा खरोखर राहतेही, आणि तेव्हाही “परत काढा” कामाला येत नाही. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला की हवा सोडायचा निपल खाली येतो. हवा वरच्या कोपऱ्यात जाऊन बसते आणि खालच्या निपलमधून स्वच्छ ऑइल निघत राहते. आत बसलेला पोरगा “मार, मार, धर” ऐकून पेडल दाबतो, पारदर्शक नळीत एकही बुडबुडा दिसत नाही, मिस्त्री समाधानाने निपल आवळतो. दोष मात्र तसाच. निपल सर्वांत वर आहे का, हे बघायला पाच सेकंद पुरतात. एबीएस युनिट कोरडे पडले असेल, तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावून त्याचा पंप चालवल्याशिवाय त्यातली हवा निघत नाही.

या वारंवारच्या ब्लीडिंगने नुकसानही होते. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचे रबरी सील ठरावीक टप्प्यातच सरकतात. पुढच्या भागात गंज आणि गाळ साचतो. ब्लीड करताना पेडल तळापर्यंत दाबले की सील त्या खरखरीत भागावरून घासले जाते. मऊ पेडलची तक्रार घेऊन आलेली गाडी अशी सील फाटून परत जाऊ शकते. जुन्या गाडीच्या पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला तर हे टळते.

बाकीचे समज थोडक्यात. मोठ्या डिस्कने गाडी लवकर थांबते: मूळ ब्रेकने एबीएस लागत असेल तर पहिल्या थांब्याचे अंतर टायरची पकडच ठरवते, मोठी डिस्क उष्णता पेलते, आणि एक टनाची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवताना सुमारे ३८६ किलोज्यूल उष्णता निघते, म्हणून तिचा उपयोग पुन्हापुन्हा जोरात ब्रेक मारताना. स्टीलच्या जाळीचे पाइप: पेडल थोडे घट्ट करतात, ब्रेकची ताकद वाढवत नाहीत. इंजिन सुरू होताच दाबून धरलेले पेडल किंचित खाली जाते: बूस्टर चालू असल्याची ती खूण आहे. रेसचे पॅड रस्त्यावरही चांगले: थंड असताना ते कमी पकडतात, आणि गावातल्या गावात ते थंडच असतात. नवे पॅड पहिल्या दिवसापासून पूर्ण पकडतात: पकडत नाहीत, कंपनीच्या सूचनेप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर ते आधी बसवून घ्यावे लागतात. ब्रेक ऑइल कमी झाले तरच बदलायचे: ते हवेतले पाणी शोषते, अमेरिकेच्या ११६ क्रमांकाच्या मानकानुसार डॉट ४चा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस लागतो, पाणी मुरल्यावर किमान १५५ पुरतो.

दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी महामार्गावर घेऊ नये. मोकळ्या आवारात, इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट एकसारखे दाबून धरावे. ते हळूहळू खाली सरकत राहिले तर आधी चाकांच्या आतल्या बाजूला आणि पाइपांच्या जोडांवर ओल शोधावी. बाहेर सगळे कोरडे असेल तर संशय मास्टर सिलिंडरच्या सीलवर. दोन्हीपैकी काहीही निघाले, तरी ती गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नये, उचलून न्यावी.