पुस्तक हाती, सोबती दूर

वैनगंगेच्या काठच्या बालाघाटात मराठी ही पाहुणी म्हणून आलेली भाषा नव्हे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सीमारेषा नकाशावर उमटली. घरे आणि नाती होती तेथेच राहिली. गोंदिया आजही येथून सुमारे ४० किलोमीटरांवरच आहे. बाजारात हिंदी, पोवारी आणि गोंडी कानी पडते, घरात मराठी. मात्र अशा घरांतून अलीकडे एक गोष्ट वारंवार दिसते: आजी मराठीत विचारते आणि नातवंड हिंदीत उत्तर देते. मुलांस कळते सारे; ओठांवर मात्र मराठी येत नाही.

यावर ‘मुलांना मराठी पुस्तके द्या’ हा उपाय आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. उपाय चांगला आहे, पण अर्धा आहे. पुस्तके मिळणे आता पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. बालभारतीने १९७१ साली सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संगणकावर वा मोबाइलवर विनामूल्य वाचता येतात. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो या आपल्या कायद्यानुसार त्यांचे साहित्य २०११ पासून सर्वांसाठी खुले झाले आहे. लिपीचीही अडचण नाही, कारण हिंदी शाळेत शिकणारे मूल देवनागरी सहज वाचते. उणीव आहे ती सोबत्याची. वाचून झाल्यावर ‘तुला काय वाटले?’ असे मराठीत विचारणारा समवयस्क त्याला गल्लीत सापडत नाही. आधुनिक यंत्रांचा खरा उपयोग येथे आहे, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ हार्वे डॅनियल्स यांनी १९९४ साली विद्यार्थ्यांच्या वाचनमंडळांवर एक पुस्तक लिहिले. चार-पाच मुलांनी एकच पुस्तक निवडावे, ठरलेला भाग वाचून यावे आणि शिक्षकाने बोलण्यापेक्षा मुलांनीच बोलावे, ही त्यातली मुख्य कल्पना. एकाने प्रश्न आणावेत, दुसऱ्याने अडलेले शब्द, तिसऱ्याने चित्र काढावे, चौथ्याने गोष्टीचा आपल्या आयुष्याशी संबंध सांगावा. आणि ही कामे आळीपाळीने बदलावीत. आपल्याकडे ही रीत अगदीच परकी नाही. ‘श्यामची आई’ हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात श्याम आश्रमातील सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो आणि ते ऐकतात. पुस्तकाची मांडणीच बैठकीची आहे. आठवड्याला एक ‘रात्र’ असे ठरवले, तर मंडळ चालवण्यास ते आयतेच सोयीचे.

आता प्रश्न मोबाइलचा. बालाघाटातील दोन मुले, गोंदियाची मावसबहीण, इंदूरचा एक आणि रायपूरचा एक आतेभाऊ, असे पाच जण एका व्हॉट्सॲप गटात सहज येतात. गट आईवडिलांच्या मोबाइलवर असावा. आठवडाभरात प्रत्येकाने दोन-तीन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवावा: काय आवडले, कोठे अडले, कोणाचे वागणे पटले नाही. रविवारी सर्वांनी समोरासमोर दिसत अर्धा तास बोलावे. आवाजी निरोपाचा मोठा लाभ बुजऱ्या मुलास होतो. बैठकीत धिटुकली मुले आधी बोलून टाकतात. निरोप मात्र निवांतपणे, मनाशी जुळवून, पुसून पुन्हाही बोलता येतो.

आवाजाचा आग्रह आम्ही आणखी एका कारणासाठी धरतो. मराठीतील ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार लिपीत दिसत नाहीत. ‘चंद्र’ आणि ‘चाक’, ‘मनुष्यजात’ आणि ‘तो जात आहे’ यांतला फरक डोळ्यांना कळत नाही, तो कानांनीच शिकावा लागतो. ‘ळ’ची गोष्टही तशीच. म्हणून त्या आठवड्याचे एक पान आजी-आजोबांनी मोठ्याने वाचून गटात पाठवावे. ज्या घरात आजी नाही, त्या घरातही मग तिचा स्वर पोहोचतो.

शब्दांचे काम ज्याच्याकडे असेल, त्याला हिंदीमुळे मौजेचा खजिनाच सापडेल. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, आपल्याकडे दंड. हिंदीत ‘संसार’ म्हणजे जग, आपल्याकडे घरप्रपंच. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. आणि आपली ‘यंत्रणा’ हिंदीत जाऊन यातना होते. अशा शब्दांची वही मुलांनी ठेवली, तर हिंदीचे ज्ञान मराठीच्या आड येण्याऐवजी तिच्या मदतीला येईल.

काही पथ्ये मात्र पाळली पाहिजेत. मोबाइलचा कळफलक मराठीचा लावावा. हिंदीचा असला की तो हिंदी शब्दच पुढे करतो. हयात लेखकांची पुस्तके विकत घ्यावीत, त्यांची छायाप्रत गटात फिरवू नये. लेखकाच्या ताटातला घास काढून मराठी जगणार नाही. मोठ्यांनी चुका लगेच दुरुस्त करू नयेत. मूल ‘मला लगता आहे’ म्हणाले, तर आधी त्याला काय वाटते ते ऐकावे आणि आपल्या उत्तरात ‘मलाही तसेच वाटते’ असे म्हणावे. बरोबर रूप त्याच्या कानी पडते. शिवाय नेमून दिलेल्या कामांचा तक्ता होऊ देऊ नये. मुले कागद भरत बसली आणि बोलणे थांबले, तर अशी कामे यांत्रिक होतात, हा इशारा डॅनियल्स यांनीच २००२ च्या आवृत्तीत दिला.

यंत्र मराठी शिकवणार नाही. ते अंतर मिटवील. बोलायचे ते मुलांनीच, आणि ऐकायचे आपण. हे जमले नाही, तर आणखी एका पिढीत मराठी देवघरातील आरतीपुरती आणि लग्नपत्रिकेपुरती उरेल. म्हणून वाचकहो, मोठी योजना आखण्याची वाट पाहू नये. एक पुस्तक, पाच मुले आणि रविवारचा अर्धा तास, एवढ्यावर आरंभ करावा. उन्हाळ्याच्या सुटीत गोंदियाला वा बालाघाटला ती पाचही मुले प्रत्यक्ष एकत्र बसतील, तेव्हा बोलायला विषय आधीच तयार असेल, आणि तो मराठीत असेल.