सिकंदराबादमध्ये ग्रंथपालाची नोकरी शोधताय?

बी.लिब. झालेली आपली मुलं जाहिरातीत फक्त ‘लायब्ररियन’ शोधतात आणि निराश होतात. मंडळी, ‘डॉक्युमेंटेशन’, ‘नॉलेज मॅनेजमेंट’, ‘मेटाडेटा’, ‘रेकॉर्ड्स’ हेही शोधा! काम आपलंच, फक्त पाटी वेगळी.

जागा कुठे बघायच्या? पिकेट, तिरुमलगिरी, बोलारमला केंद्रीय विद्यालयं आहेत. तिथल्या ग्रंथपालपदासाठी पदवी, ग्रंथालयशास्त्राचं शिक्षण आणि हिंदी-इंग्रजीचं कामापुरतं ज्ञान लागतं. भरती दिल्लीहून होते, म्हणून केंद्रीय विद्यालय संगठनच्या संकेतस्थळावर नजर ठेवा. पाटणचेरूचं इक्रिसॅट, राजेंद्रनगरची ग्रामीण विकास संस्था यांच्याही जाहिराती बघत राहा. विद्यापीठात शिकवायचं असेल तर यूजीसी-नेट द्या, विषय क्रमांक ५९.

आता कौशल्य. नुसत्या प्रमाणपत्रावर भागत नाही, ग्रंथालय चालवायची ‘कोहा’ ही संगणक प्रणाली यायलाच हवी. ती मोफत आहे, घरच्या संगणकावर बसवा आणि स्वतःची पन्नास पुस्तकं नोंदवा. मार्क नोंदीत १०० मध्ये लेखक, २४५ मध्ये शीर्षक, ०८२ मध्ये ड्यूई क्रमांक. मराठी साहित्याला ८९१.४६, तेलुगूला ८९४.८२७. हात बसला की मुलाखतीत घाबरायला होत नाही. डिजिटल संग्रहासाठीची ‘डीस्पेस’ प्रणाली त्यानंतर शिका.

आणि तेलुगू वाचायला शिकाच. मराठी, हिंदी, तेलुगू, इंग्रजी अशा चार भाषांत नोंदी करणारा माणूस या शहरात सहज मिळत नाही.

सरावाला हैदराबादचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १९२२ पासूनचं. तिथे जाऊन मदत करू का, असं विचारून तर बघा.