बिलातला जुना दर कुठे लपला होता?

२२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी ५ टक्के झाला. आमच्या चपलांच्या दुकानात मात्र स्वस्त जोडीवर बिल १२ टक्केच लावीत होते. प्रोग्रॅम घरच्याच मुलाने लिहिलेला, तक्रार कोणाकडे करावी? 'व्हीएस कोड'मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एफ दाबून आम्ही १२ शोधले, तर महिन्यापासून डझनाच्या हिशेबापर्यंत शेकडो बारा निघाले! 'जीएसटी' शब्द शोधताच यादी आटोपशीर झाली, दर बदलले. तरीही घाऊक बिलावर १२च. 'गिटइग्नोर'मध्ये नोंदलेल्या फायली हा शोध एरवी वगळतो आणि घाऊक दर तशाच फायलीत होते. वगळण्याच्या चौकटीतले बटण बंद केल्यावर ती फाईल सापडली. तोवर चार व्यापारी बंधूंची बिले चुकली होती. ती पुन्हा करून दिली.