व्यवस्थापन शिक्षणातील मार्गदर्शक पद्धती

उद्योगसंस्थांमधील अनुभवी ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी व्यवस्थापन शाखेच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाच्या काळात वैयक्तिक मार्गदर्शन करण्याच्या पद्धतीस मेंटॉरिंग किंवा मार्गदर्शक पद्धती असे म्हणतात. मार्गदर्शक विषय शिकवत नाही आणि गुणही देत नाही, त्यामुळे ही पद्धती अध्यापनाहून वेगळी ठरते. मराठीत मार्गदर्शकास कधी कधी 'गुरू' म्हटले जाते. परंतु गुरूकडे असलेला अधिकार येथे अभिप्रेत नाही. सल्ला ऐकून घेऊन तो न स्वीकारण्याची विद्यार्थ्यास पूर्ण मोकळीक असते.

शब्दाचा उगम

'मेंटॉर' हे होमरच्या 'ओडिसी' या ग्रीक महाकाव्यातील एका पात्राचे नाव आहे. ट्रॉयच्या युद्धावर जाताना ओडिसियसने आपले घरदार या मित्राच्या हवाली केले होते. काव्यात ओडिसियसचा पुत्र टेलेमॅकस यास धीर व सल्ला मिळतो तो मात्र मुख्यतः मेंटॉरचे रूप घेतलेल्या अथेना देवीकडून; नाव तेवढे मेंटॉरचे रूढ झाले.

स्वरूप

या विषयाच्या अभ्यासाचा पाया अमेरिकन संशोधिका कॅथी क्रॅम यांच्या १९८५ मधील 'मेंटॉरिंग अ‍ॅट वर्क' या ग्रंथाने घातला. मार्गदर्शकाची कार्ये त्यांनी दोन गटांत विभागली: बढती, संधी व संरक्षण यांच्याशी निगडित व्यावसायिक कार्ये आणि आदर्श, स्वीकार व मैत्री यांच्याशी निगडित मनोसामाजिक कार्ये. क्रॅम यांचे निष्कर्ष प्रामुख्याने नोकरीतील संबंधांवर आधारलेले आहेत. विद्यार्थी अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करीत नसल्याने बढती किंवा संरक्षण देणे येथे शक्यच नसते. वरिष्ठासमोर विचारता येणार नाहीत असे प्रश्न विद्यार्थी मार्गदर्शकास विचारू शकतो, ते याच अंतरामुळे. वित्त, विपणन की मनुष्यबळ, शैक्षणिक कर्जाचे हप्ते डोक्यावर असताना कमी वेतनाची पण आवडीची नोकरी धरावी का, समर इंटर्नशिपमध्ये आलेले अपयश कसे घ्यावे, असे हे प्रश्न असतात.

ज्यांच्या घरात किंवा नात्यात कोणीही कंपनीच्या वरिष्ठ पदावर नाही, अशा विद्यार्थ्यांना या पद्धतीची गरज सर्वाधिक असते. इतरांना हीच माहिती घरच्या गप्पांतून आपसूक मिळते. म्हणून जोड्या केवळ ओळखीवर न सोडता संस्थेने लावून देणे अधिक न्याय्य ठरते.

मर्यादा

मार्गदर्शकाची कंपनी त्याच संस्थेत कॅम्पस मुलाखतींसाठी येत असल्यास संबंधात अवघडलेपण येते: विद्यार्थी उमेदवारासारखा तोलूनमापून बोलू लागतो आणि मोकळेपणा संपतो. अधिकाऱ्यांची व्यस्तता ही दुसरी अडचण. पहिल्या भेटीनंतर दुसरी ठरतच नाही, असे अनेकदा घडते. पुढील भेटीचा दिनांक आधीच निश्चित करणे हा त्यावरचा साधा उपाय होय. याखेरीज, अधिकाऱ्याचा अनुभव त्याच्या नोकरीच्या आरंभकाळातील बाजारपेठेचा असतो, आजच्या भरतीचा नव्हे.

मुंबईतील एस. पी. जैन व्यवस्थापन व संशोधन संस्थेच्या 'अभ्युदय' उपक्रमात भूमिका उलट होते. तेथे व्यवस्थापनाचे विद्यार्थी आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांतील शालेय मुलांचे मार्गदर्शक असतात.