दुरून धातू ओळखताना

भाईंदरच्या मिठागरातलं चिमूटभर मीठ गॅसच्या निळ्या ज्योतीवर टाकलं, की ज्योत पिवळीधमक होते. हा रंग सोडियमचा. वर्णपटात तो 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरवर, जवळजवळ चिकटलेल्या दोन रेघांनी उमटतो. मीठ कुठलंही असो, रेघांची जागा हलत नाही. 1868 मध्ये सूर्यप्रकाशात त्यांच्या शेजारी, 587.6 वर, एक अनोळखी रेघ सापडली. ती नव्या मूलद्रव्याची, म्हणजे हेलियमची, असल्याचं नॉर्मन लॉकयर यांनी मांडलं. लॉकयर विजयदुर्गला आले हे खरं, पण ते जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. 1868 चं निरीक्षण त्यांनी इंग्लंडमधूनच केलं होतं. हेलियम विजयदुर्गावर सापडला ही लाडकी समजूत आपण सोडायला हवी.

सूर्य स्वतःच तळपतो. दगड आणि पोलाद तसे तळपत नाहीत, त्यांना पेटवावं लागतं. 1960 मध्ये पहिला लेसर चालला आणि दोनच वर्षांत ब्रेक आणि क्रॉस यांनी लेसरने पदार्थाची वाफ करून तिचा वर्णपट पाहायची वाट दाखवली. आज ही पद्धत ‘लिब्स’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. काही नॅनोसेकंदांचा झोत सुईच्या टोकाएवढ्या जागेवर एकवटतो. तिथला कणभर पदार्थ उडतो आणि त्याचा प्लाझ्मा होतो. त्याचं तापमान दहा हजार अंशांच्या घरात, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही जास्त असतं. पहिल्या क्षणी नुसता पांढरा लखलखाट दिसतो, त्यात काहीच वाचता येत नाही. साधारण मायक्रोसेकंदभराने प्लाझ्मा निवू लागतो, तेव्हा एकेका मूलद्रव्याच्या रेघा वर येतात. यंत्राचं कसब या थांबण्यात आहे. मागे उरतो तो नुसत्या डोळ्यांना मुश्किलीने दिसणारा खड्डा.

23 ऑगस्ट 2023 ला चंद्रयान-3 उतरलं. त्याच्या ‘प्रज्ञान’ रोव्हरवरचं लिब्स बंगळुरूच्या पीण्यातल्या इस्रोच्या विद्युत-प्रकाशिकी प्रयोगशाळेत बनलं होतं. जमिनीपासून वीतभर उंचीवरून त्याने झोत सोडले, आणि 28 ऑगस्टला इस्रोने दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक असल्याचं जाहीर केलं. अॅल्युमिनियम, कॅल्शियम, लोह, क्रोमियम आणि टायटॅनियमही दिसलं. पुढे मँगनीज, सिलिकॉन आणि ऑक्सिजन. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे प्लाझ्मा झपाट्याने पसरून विझतो आणि प्रकाश तुटपुंजा मिळतो. मंगळावरच्या विरळ हवेत मात्र तो छान धरून राहतो. तिथे ‘क्युरिऑसिटी’ ही रोव्हर याच पद्धतीने सात मीटरपर्यंतचे खडक तपासते. 19 ऑगस्ट 2012 ला तिने पहिल्या दगडावर दहा सेकंदांत तीस झोत मारले. सुरुवातीचे काही झोत धूळ उडवण्यातच जातात, खरा दगड त्यानंतर बोलतो.

आपल्या जवळचं काम तुर्भ्याचं. भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सारी कचरा वितळलेल्या काचेत मिसळून कायमचा बंदिस्त करतात. तिथल्या कचऱ्यात सल्फेट असतं, म्हणून बेरियमयुक्त बोरोसिलिकेट काच वापरली जाते. अशा काचेचं आणि थोरियम-युरेनियम इंधनाचं पृथक्करण लिब्सने करण्यावर तिथल्या शास्त्रज्ञांनी संशोधन केलं आहे. जिथे हात लावणंच घातक, नमुना आम्लात विरघळवत बसणं त्याहून घातक, तिथे दुरून विचारण्याला तोड नाही. पोलाद कारखान्यांतल्या लालभडक रसालाही हेच लागू.

मला मात्र ही पद्धत भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत यावी असं मनापासून वाटतं. इथे स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याची सर्कलं कापून, प्रेसखाली दाबून, पॉलिश करून डबे, वाट्या, पातेली होतात. 304 स्टीलमध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. ‘जे-फोर’ या स्वस्त जातीत निकेल साधारण 1 टक्का, महागड्या निकेलची जागा बरीचशी मँगनीजने घेतलेली. पॉलिश झाल्यावर दोन्ही सारखीच चमकतात. गिऱ्हाईक लोहचुंबक लावून पाहतं, पण तो दोन्हीला चिकटत नाही. उलट दाबून खोल केलेल्या अस्सल 304 च्या डब्याचा वाकवलेला काठ कधीकधी चुंबकाला किंचित ओढतो, आणि चांगल्या मालावर खोट्याचा शिक्का बसतो. दुकानदारही फसतो, कारागीरही. मार्च 2024 च्या केंद्रीय आदेशाने अशा भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, त्यामुळे मिश्रधातू ठाऊक असणं आता हौसेचं उरलेलं नाही.

भंगारवाल्यांकडे क्ष-किरणांची पिस्तुलं दिसू लागली आहेत आणि निकेल-मँगनीजसाठी ती पुरेशीही आहेत. पण त्यांना कार्बन दिसत नाही. साधं 304 आणि वेल्डिंगसाठी लागणारं 304-एल यांच्यातला फरकच कार्बनचा: एल जातीत तो जास्तीत जास्त 0.03 टक्के. लिब्सच्या पिस्तुलाला तो वाचता येतो, मात्र त्याची 193 नॅनोमीटरजवळची रेघ हवेतला ऑक्सिजन गिळतो, म्हणून टोकाशी आर्गॉन सोडावा लागतो. पिस्तूल पत्र्याला टेकवायचं, आधी तेल आणि पॉलिशचा मसाला पुसायचा. नाहीतर यंत्र त्या मसाल्याचाच कार्बन मोजतं.

इथेच या पद्धतीची खरी मर्यादा आहे. ती फक्त वरचा थर पाहते, आणि एकाच प्रमाणातलं मँगनीज वेगवेगळ्या मिश्रणांत कमीजास्त तेजाने चमकतं. रेघेच्या जागेवरून मूलद्रव्य कळतं. टक्केवारी कळायला ओळखीचा नमुना शेजारी लागतो. म्हणून तर ‘क्युरिऑसिटी’ने काच, सिरॅमिक, ग्रॅफाइट आणि टायटॅनियमचे मिळून दहा तुकडे मंगळावर सोबत नेले. भाईंदरच्या कारखानदारांनी सामाईक पिस्तूल घेतलंच, तर जे-फोर, 202, 304 आणि 316 चे प्रमाणित तुकडे त्याच पेटीत असले पाहिजेत, आणि रोज सकाळी पहिला झोत त्यांच्यावर पडला पाहिजे.