ब्रेक पुन्हा पुन्हा का बिघडतो?

समजा, एक जुनी ॲम्बॅसडर आहे. ब्रेकचे पेडल मऊ लागते आणि फार खोल जाते. गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल भरतात, नळ्यांतली हवा काढतात आणि ब्रेक पुन्हा छान लागू लागतो. महिन्याभरात तीच तक्रार, तोच उपाय. असे तीन-चार वेळा झाले की ‘गाडी जुनी झाली, चालायचेच’ असे आपण म्हणतो. पण ‘जुनेपणा’ हे कारण नव्हे. बिघाड पुन्हा पुन्हा होतो याचा अर्थ आपण लक्षण दूर केले, कारण तसेच राहिले.

दाब कसा पोचतो?

पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या द्रवाला ढकलतो. हा दाब नळ्यांतून प्रत्येक चाकाजवळच्या व्हील सिलिंडरमध्ये जातो. तिथले दट्टे बाहेर सरकतात आणि ब्रेक शू फिरत्या ड्रमवर घासतात. बंदिस्त द्रवावरचा दाब सर्वत्र सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम येथे कामी येतो. द्रव जवळजवळ दबत नाही म्हणूनच हे साधते. हवा मात्र दबते.

वर्गात हे सहज दाखवता येईल. सुया काढलेल्या दोन सिरिंज प्लॅस्टिकच्या नळीने जोडा व पाण्याने भरा. एक दट्ट्या दाबला की दुसरा लगेच सरकतो. आता नळीत हवेचा बुडबुडा राहू द्या आणि दुसरा दट्ट्या अंगठ्याने रोखून धरा. पहिला दट्ट्या थोडा आत जाईल, पण त्याने फक्त बुडबुडा लहान होईल.

थोडे गणित करू. नळीत २ घन सेंटिमीटर हवा आहे. दाब १ वातावरणावरून २० वातावरणांवर गेला, तर बॉइलच्या नियमाने तिचे आकारमान ०.१ घन सेंटिमीटर होईल. म्हणजे १.९ घन सेंटिमीटर द्रव केवळ हवा दाबण्यात खर्ची पडला. मास्टर सिलिंडरचा व्यास २ सेंटिमीटर धरला, तर त्याचा दट्ट्या ०.६ सेंटिमीटर जास्त सरकेल. पेडलची तरफ पाचास एक असेल, तर पाय तब्बल ३ सेंटिमीटर जास्त खाली जाईल! एवढ्याशा बुडबुड्याने हे घडते.

संशयितांची छाननी

गाडी उभी असताना करायच्या काही चाचण्या पाहू.

पेडल भराभर तीन-चार वेळा दाबा. ते वर येत गेले पण स्पंजासारखे लागले, तर हवा आहे. वर आले आणि टणक लागले, तर शू व ड्रम यांतली फट वाढली असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी हवा काढून उपयोग नाही, शू जुळवायला हवेत.

आता पेडल अर्धा मिनिट सारख्या जोराने दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत गेले, तर द्रव कोठून तरी निसटतो आहे. चाकांच्या आतल्या बाजूला आणि नळ्यांच्या सांध्यांवर ओल शोधा. ड्रमच्या आतली गळती बाहेर दिसेलच असे नाही. त्यासाठी ड्रम उतरवावा लागतो. पण कोठेच ओल नाही आणि टाकीतली पातळीही तेवढीच असेल, तर द्रव गेला कोठे? मास्टर सिलिंडरमधला रबरी कप झिजला असेल, तर द्रव त्याला वळसा घालून टाकीतच परत येतो. विद्यार्थ्यांना हे कोडे आधी सोडवू द्यावे.

ब्रेक ऑइल पेट्रोलसारखे जळून संपत नाही. लायनर झिजतात तशी पातळी थोडी उतरते. पण वरचेवर भर घालावी लागत असेल, तर गळती आहेच. पातळी फार खाली गेली की मास्टर सिलिंडर हवा ओढतो. म्हणजे हवा हाही परिणामच!

घाटात मऊ, गावात ठीक

एक बिघाड गॅरेजमध्ये सापडतच नाही. ‘ब्रेक ऑइल’ हे नाव फसवे आहे. सहसा तो ग्लायकॉलवर आधारित द्रव असतो आणि हवेतली आर्द्रता शोषतो. ‘डॉट ३’ दर्जाच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर अपेक्षित किमान मर्यादा १४० अंशांवर येते. लांब घाट उतरताना ड्रमची उष्णता द्रवापर्यंत पोचली की त्यात वाफ धरते. वाफही दबते आणि पेडल खाली जाते. गाडी थंड झाली की वाफेचा पुन्हा द्रव होतो, पुरावा नाहीसा! उपाय एकच: सगळा जुना द्रव काढून योग्य दर्जाचा नवा भरणे. इंजिन ऑइल मात्र कधीही घालू नये. त्याने ब्रेकमधले रबर फुगते.

चाचणीचा क्रम पाळणे हे हौसेचे काम नाही. अनेक जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकाच मंडलातून दाब जातो. एक कप किंवा एक नळी निकामी झाली, तर चारही ब्रेक एकदम जातात. म्हणून प्रत्येक दुरुस्तीची तारीख, किलोमीटर आणि द्रवाची पातळी वहीत लिहावी, एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहावा आणि कारण सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.